लास्कर, फिशर, कास्पारोव्ह की कार्लसन? तुलना करायची तर कुठल्या मापाने

प्रश्न असा आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बुद्धिबळाच्या क्लासला जातो, घरी मोबाईलवर इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) लावून जुने डाव तपासतो आणि वडिलांना ऐकवतो, "मॉर्फी किती कच्चा होता, आजचा साधा इंटरनॅशनल मास्टर त्याला उडवेल." वडिलांचा देव फिशर. घरात रोज वाद. वडिलांनी विचारलंय की वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना मुळात करता येते का, येत असेल तर सर्वांत मोठा कोण, आणि पोराने कुणाचे डाव बघावेत?

मी बरीच वर्षं मुलांना शिकवतो, स्पर्धांना पंच म्हणूनही बसतो. हा वाद दर सुट्टीच्या शिबिरात होतो. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिला कास्पारोव्ह. निव्वळ ताकद बघायची तर आजवरचा सर्वांत बलवान कार्लसन. आणि ज्याला त्याच्या लायकीच्या मानाने सर्वांत कमी मान मिळतो तो जुना जगज्जेता लास्कर. फिशर या तिघांच्या पंक्तीत आहे, पण पहिल्या पाटावर नाही. वडिलांना हे आवडणार नाही याची कल्पना आहे.

आता कारणं. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पॉल मॉर्फीला 1858 सालातून उचलून आजच्या स्पर्धेत बसवला, तर तो आजच्या तयार ग्रँडमास्टरपुढे टिकणार नाही. सुरुवातीच्या पंधरा-वीस चालींतच तो अशा डावात शिरेल जिथे समोरच्याला सगळं पाठ आहे आणि याला प्रत्येक चाल घड्याळ चालू असताना शोधायची आहे. हत्ती-प्याद्यांचे शेवट आज दहा वर्षांच्या पोरांना पाठ असतात. मॉर्फीला शिकवायला कुणी नव्हतं. पण यावरून मॉर्फी छोटा ठरत असेल, तर आजचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी न्यूटनपेक्षा मोठा ठरेल. त्या माणसाने पॅरिसमध्ये अँडरसनला, म्हणजे त्या वेळच्या युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला, सात डाव जिंकून, दोन हरून आणि दोन बरोबरीत सोडवून धूळ चारली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आधी मोहरे बाहेर काढा, राजा सुरक्षित करा आणि मगच हल्ल्याचं बघा, हे आज आपण पहिल्या महिन्यात शिकवतो. मॉर्फीला ते खेळता खेळता कळलं होतं. बाकीच्यांना त्याचे डाव बघून कळलं.

त्यामुळे "आज समोरासमोर बसले तर कोण जिंकेल" हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्याचं उत्तर नेहमीच "नंतरचा" असं येतं आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही.

मग लोक रेटिंगकडे, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याकडे वळतात. इथे मोठा घोटाळा होतो, म्हणून जरा थांबतो. आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 1970 मध्ये स्वीकारली. या पद्धतीत आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही, अर्थ आहे तो दोन आकड्यांमधल्या फरकाला. शंभर गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत साधारण 64 गुण मिळवावेत, दोनशेचा असेल तर 76. एवढंच ती सांगते. सगळ्यांच्या रेटिंगमध्ये उद्या पाचशे मिळवले तरी काही बिघडणार नाही. म्हणजे फिशरचे 1972 चे 2785 आणि कार्लसनचे 2014 चे 2882 शेजारी ठेवून वजाबाकी करणं चुकीचंच आहे. दोन्ही वेळी आजूबाजूचा घोळका वेगळा होता. जुलै 1972 च्या यादीत 2700 च्या वर एकटा फिशर होता. आज 2700 च्या वर असलेल्यांची यादी वाचायला वेळ लागतो.

मात्र रेटिंगमधून एक गोष्ट नीट काढता येते, ती म्हणजे समकालीनांपासूनचं अंतर. ब्रॅडमनची 99.94 ची सरासरी आपण मोठी मानतो ती त्याच्या काळातले बाकीचे फलंदाज कुठे होते हे बघून, तसंच हे. या मापाने फिशर सगळ्यांच्या पुढे आहे. 1972 साली तो 2785 आणि जगज्जेता स्पास्की 2660. पहिल्या-दुसऱ्यात सव्वाशे गुणांचं अंतर! कास्पारोव्ह 1999 मध्ये 2851 वर पोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा आनंद ऐंशीच्या आसपास मागे होता. कार्लसन 2014 मध्ये 2882 वर असताना दुसरा साठ-सत्तर गुणांनी मागे होता. वडिलांनी मुलाला गप्प करायला हे आकडे खुशाल वापरावेत.

मुलगा मात्र इंजिन पुढे करणार. प्रत्येक डावाखाली आता "अचूकता इतके टक्के" असा आकडा येतो आणि पोरं तो गुणपत्रिकेसारखा वाचतात. हा प्रयोग आधी गंभीरपणेही झाला आहे. 2006 मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या मातेय गिद आणि इव्हान ब्रातको या दोघांनी जगज्जेतेपदाच्या लढतींतले डाव क्राफ्टी नावाच्या इंजिनात घातले. सुरुवातीची पाठ केलेली चाल मोजली जाऊ नये म्हणून बाराव्या चालीपासून पुढे प्रत्येक चालीची इंजिनाच्या चालीशी तुलना केली आणि सरासरी चूक काढली. सर्वांत कमी चुका निघाल्या कॅपाब्लांकाच्या! कास्पारोव्हच्या नाहीत, फिशरच्या नाहीत, 1921 मध्ये जगज्जेता झालेल्या क्यूबन माणसाच्या. त्या इंजिनाच्या ताकदीवर तेव्हा बरीच टीका झाली, कारण ज्यांना तपासायचं तेच तपासणाऱ्यापेक्षा वरचढ असण्याची शक्यता होती. पण मला खटकतं ते वेगळंच. कॅपाब्लांका डाव सोपा करत जायचा. वजीर-वजीर मारामारी करायची, एखादा घोडा बदलून टाकायचा, आणि मग जे उरेल त्यात समोरच्यापेक्षा थोडं जास्त समजून घ्यायचं. सोप्या डावात चुका कमीच होतात. खुद्द त्या दोघांनी हे ओळखून डाव किती गुंतागुंतीचा होता याचंही एक माप लावलं होतं. ताल किंवा कास्पारोव्हसारखे हल्लेखोर मुद्दाम अशा जागी जात, जिथे दोघांनाही चुका करणं भाग पडे आणि समोरचा आधी चुके.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 1985 च्या मॉस्कोतल्या लढतीतला सोळावा डाव. तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्ह पांढऱ्याकडून, कास्पारोव्ह काळ्याकडून, सिसिलियन बचाव. (घरांची नावं अशी: उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून 1 ते 8.) आठव्याच चालीला कास्पारोव्हने डी-5 वर प्यादं पुढे करून ते सोडून दिलं. पुढे काही चालींनी कार्पोव्हने साधासुधा कॅसलिंग केला, राजा कोपऱ्यात गेला. सोळाव्या चालीला काळ्याचा घोडा डी-3 वर येऊन बसला, म्हणजे पांढऱ्याच्या घरात, वजीर आणि हत्तींच्या ऐन नाकासमोर. त्याला तिथून हुसकावताच येईना. कार्पोव्हचे दोन्ही घोडे एक बी-1 वर, एक ए-4 वर, पटाच्या कडेला अडकून पडले. हत्ती जागचे हलेनात. कार्पोव्हसारखा माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची नाकेबंदी केली, त्याला चाळीस चालींत डाव सोडावा लागला. आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या स्पर्धेत कार्पोव्हने व्हान डर विलविरुद्ध हीच सुरुवात खेळून बाराव्या चालीला कॅसलिंगऐवजी उंट ई-3 वर आणला, आणि काळ्याचा तो प्याद्याचा बळी पोकळ ठरला. मोबाईलवरचं इंजिनही कास्पारोव्हच्या त्या आठव्या चालीवर नाक मुरडेल. म्हणजे चाल चुकीची, आणि डाव मात्र अव्वल दर्जाचा. पटासमोर, घड्याळ चालू असताना, जगज्जेत्याला जे उत्तर सापडलं नाही ते शोधायला लावणं, ही ताकद टक्क्यांत कशी मोजायची?

मग मी कुठलं माप वापरतो? बुद्धिबळाचा एक फायदा असा की इथे माणसं फार वर्षं खेळतात. त्यामुळे दोन काळांमध्ये बसून दोघांशी खेळलेले खेळाडू सापडतात. मी त्यांना दुवे म्हणतो. स्टाइनिट्झला लास्करने 1894 मध्ये हरवलं. तोच लास्कर 1935 मध्ये मॉस्कोत पुढे जगज्जेता झालेल्या तरुण बोटविनिकसोबत एका स्पर्धेत होता. बोटविनिक पन्नासच्या दशकात स्मिस्लोवशी जगज्जेतेपदाच्या तीन लढती खेळला. तो स्मिस्लोव 1984 मध्ये, वयाच्या साठीनंतर, आव्हानवीर ठरवण्याच्या अंतिम लढतीत कास्पारोव्हसमोर बसला होता. कास्पारोव्ह 1995 मध्ये आनंदशी खेळला, आनंद 2013 मध्ये चेन्नईत कार्लसनशी, आणि कार्लसन आज गुकेशशी खेळतो. सव्वाशेहून जास्त वर्षांचा पट सात-आठ माणसांत बांधला जातो. कोर्चनॉय तर एकटाच अर्धा पट व्यापतो. फिशर, कार्पोव्ह, कास्पारोव्ह या सगळ्यांशी खेळला, चौदा वर्षांच्या कार्लसनला त्याने हरवलं, आणि 2011 मध्ये जिब्राल्टरला, ऐंशीला टेकलेला असताना, कारुआनाला हरवलं, जो तेव्हाच 2700 च्या वर होता.

अर्थात म्हातारा माणूस म्हणजे त्याचा ऐन भरातला काळ नव्हे. म्हणून हा दुवा एकाच दिशेने वापरायचा. साठीचा माणूस तरुणांकडून हरला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण तो टिकला, तर त्याच्या तिशीतल्या ताकदीबद्दल निदान किमान अंदाज बांधता येतो.

इथेच लास्करबद्दलचं माझं मत तयार झालं. 1935 च्या मॉस्को स्पर्धेत तो 66 वर्षांचा होता. एकोणीस फेऱ्या, एकही डाव हरला नाही, साडेबारा गुण, तिसरा क्रमांक. पहिले आलेले बोटविनिक आणि फ्लोर त्याच्यापेक्षा फक्त अर्ध्या गुणाने पुढे. कॅपाब्लांका त्याच्या मागे, आणि त्या दोघांच्या आपसातल्या डावात लास्कर जिंकला. याच्या अकरा वर्षं आधी, 1924 मध्ये, न्यूयॉर्कला तो पंचावन्न वर्षांचा असताना कॅपाब्लांका आणि अलेखिन दोघांच्या वर पहिला आला होता. जो माणूस 1894 मध्ये जगज्जेता झाला, तो 1935 मध्ये बोटविनिकच्या खांद्याला खांदा लावतो, म्हणजे "जुने खेळाडू कच्चे होते" या म्हणण्याला चांगलाच तडा जातो.

लास्करचा एक डाव मात्र पोराने पट मांडून, इंजिन न लावता बघितलाच पाहिजे. सेंट पीटर्सबर्ग, 1914. लास्कर मागे पडलेला, कॅपाब्लांका पुढे, आणि लास्करला त्यांच्यातला डाव जिंकणं भाग. सगळ्यांना वाटलं हा आता हल्ला चढवणार. लास्करने काय केलं? रुय लोपेझ नावाच्या सुरुवातीत चौथ्याच चालीला उंट देऊन घोडा मारला आणि लगेच वजीर बदलून टाकले. हा प्रकार बरोबरीसाठी खेळतात अशी समजूत होती. पण त्याच्या मागचा हिशोब असा की बरोबरी चालणार असेल तर कॅपाब्लांका ढिला खेळेल, आणि या सुरुवातीत काळ्याला दोन उंटांचा फायदा मिळतो, तो उठवायचा असेल तर त्याला काहीतरी करावं लागतंच. कॅपाब्लांकाने फार काही केलं नाही. बाराव्या चालीला लास्करने एफ-5 वर प्यादं ढकललं. पुस्तकी नियमाने ही चाल वाईट. ई-4 चं प्यादं मागे राहतं, आणि ई-5 चं घर काळ्याला आंदण दिल्यासारखं होतं. पण त्याच प्याद्याच्या आधाराने लास्करचा घोडा सोळाव्या चालीला ई-6 वर जाऊन बसला आणि काळ्याच्या हत्तींना श्वास घेता येईना. बेचाळीस चालींत कॅपाब्लांकाने डाव सोडला. या डावाशेजारी कास्पारोव्हचा डी-3 वरचा घोडा ठेवून बघा. मध्ये सत्तर वर्षं आहेत, पण समोरच्याच्या घरात घोडा रोवून त्याचं सगळं सैन्य बधिर करायची कल्पना तीच.

लास्करवर आक्षेप नाहीत असं नाही. सत्तावीस वर्षं जगज्जेतेपद, हे ऐकायला भारी वाटतं, पण 1897 ते 1907 या दहा वर्षांत त्याने पदासाठी एकही लढत खेळली नाही. तो गणिताचा डॉक्टर, बीजगणितातला एक महत्त्वाचा सिद्धान्त त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि बुद्धिबळ हे त्याचं एकमेव काम कधीच नव्हतं. तेव्हा पद जगज्जेत्याच्या खिशात असायचं, आव्हान कधी आणि किती पैशांत स्वीकारायचं हे तो ठरवायचा. अलेखिननेही कॅपाब्लांकाला परतीची लढत दिली नाही, ती नाहीच. 1948 नंतर फिडेने पद्धत बसवली तेव्हा हा प्रकार थांबला. त्यामुळे "किती वर्षं जगज्जेता" हे माप मी फार मानत नाही. कुणाविरुद्ध टिकवलं, ते बघतो.

आणि म्हणूनच कास्पारोव्ह. त्याच्याबद्दल लोक रेटिंग सांगतात, 1984 पासून 2005 मध्ये निवृत्त होईपर्यंत जवळपास सलग पहिला क्रमांक सांगतात (एका यादीत रशियाच्या क्रामनिकने बरोबरी साधली होती). मला त्याचं मोठेपण कार्पोव्हमुळे कळतं. हे दोघं 1984 ते 1990 दरम्यान पाच लढती खेळले, एकूण 144 डाव. कास्पारोव्ह 21 जिंकला, कार्पोव्ह 19, आणि 104 बरोबरीत. दोन डावांचा फरक! म्हणजे सर्वांत मोठ्या खेळाडूची ही मजल, आणि समोरचा त्याच्यापासून दोन डाव मागे. कार्पोव्हला "फिशर आला नाही म्हणून बिनलढत जगज्जेता" म्हणून हिणवणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. माझ्या मते पहिल्या पाचांत कार्पोव्ह आहे, आणि तो तिथे असल्याशिवाय कास्पारोव्हही पहिला ठरत नाही.

पहिल्या लढतीची गोष्ट तर कुणालाही खरी वाटू नये. सहा डाव आधी जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही, असा नियम. एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह नऊ डावांनंतर चार-शून्य मागे. तिथून त्याने सलग सतरा बरोबऱ्या ओढल्या. सत्ताविसावा हरला, पाच-शून्य. आणखी एक हरला की संपलं. बत्तिसावा डाव त्याने जिंकला. मग पुन्हा बरोबऱ्यांची रांग, आणि सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा लागोपाठ जिंकले. फेब्रुवारी 1985 मध्ये फिडेच्या अध्यक्षांनी लढतच बंद केली. कुणाच्या भल्यासाठी, यावर अजून भांडणं होतात. हल्लेखोर म्हणून ओळखला जाणारा पोरगा तीन-चार महिने रोज फक्त न हरण्याचा खेळ शिकत होता, तोही कार्पोव्हकडून, आणि भर लढतीत. 1987 मध्ये स्पेनमधल्या सेव्हियाला पद वाचवायला चोविसावा, शेवटचा डाव जिंकणं भाग होतं. कास्पारोव्ह सी-4 ने सुरुवात करून सावकाश, लांबलचक डाव खेळला आणि जिंकला. बारा-बारा, पद राखलं. ही लास्करचीच 1914 ची युक्ती. जिंकायलाच हवं तेव्हा घाई करायची नाही.

त्याचा उणेपणाही लिहितो. 1993 मध्ये तो फिडेतून बाहेर पडला आणि जगज्जेतेपदाचे दोन तुकडे झाले, ते 2006 पर्यंत जुळले नाहीत. 2000 मध्ये लंडनला क्रामनिकने त्याला बर्लिन बचावाने असा कोंडला की पूर्ण लढतीत त्याला एकही डाव जिंकता आला नाही.

फिशर. 1971 मध्ये टाइमानोव्हला 6-0, लार्सनला 6-0. ग्रँडमास्टरांच्या लढतीत असा निकाल लागतच नाही, तो लागला. पेट्रोशियनला साडेसहा-अडीच. मग रेक्याविकला स्पास्कीविरुद्ध पहिला डाव एच-2 चं प्यादं मारण्याच्या नादात उंट अडकवून हरला, दुसऱ्याला आलाच नाही, दोन-शून्य मागे, आणि तरी साडेबारा-साडेआठ जिंकला. सोव्हिएत यंत्रणेविरुद्ध जवळजवळ एकट्याने. यात कौतुकाला शब्द अपुरे आहेत. पण त्यानंतर? 1975 मध्ये अटींवरून कार्पोव्हशी खेळला नाही, आणि वीस वर्षं एकही स्पर्धा नाही. तो सर्वांत उंच शिखर आहे, मान्य. पण त्याच्या पदाची परीक्षा झालीच नाही, आणि कास्पारोव्हची पाच वेळा एकाच भयंकर माणसाकडून झाली. माझ्यासाठी निकाल इथे लागतो.

कार्लसनबद्दल थोडक्यात, कारण त्याचे डाव मुलाला माहीतच असतील. तो इंजिनाच्या जमान्यात वाढला, पण जिंकतो तिथे, जिथे इंजिन शून्य-शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवतं. चेन्नईत 2013 मध्ये पाचव्या आणि सहाव्या डावात आनंद साध्या हत्तींच्या शेवटात हरला. दोन्ही डाव कुठेतरी बरोबरीचे होते. कार्लसन पटावरून उठलाच नाही, प्रश्न विचारत राहिला, आणि चौथ्या-पाचव्या तासाला आनंदचं उत्तर चुकलं. 2018 ते 2020 मध्ये सलग 125 क्लासिकल (लांब वेळेच्या) डावांत तो हरला नाही. 2021 च्या दुबईतला नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव 136 चालींचा होता, जगज्जेतेपदाच्या लढतींतला सर्वांत लांब. ताकदीत त्याच्या वर मी कुणाला ठेवत नाही. मग पहिला का नाही? कारण त्याला कार्पोव्ह मिळाला नाही, आणि 2022 मध्ये त्याने कंटाळून पदच सोडलं. हे माझं मत आहे, आणखी दहा वर्षांनी लोक वेगळं म्हणतील.

मराठी घरात हा वाद आनंदशिवाय पूर्ण होत नाही. मी त्याला पहिल्या पाचांत घालत नाही, पण तुलना करताना प्रत्येकजण कुठून निघाला हे धरलं तर तो फार वर जातो. बोटविनिकच्या शाळेतून कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह आले, त्यांच्यामागे राज्ययंत्रणा होती. आनंद ग्रँडमास्टर झाला तेव्हा देशात त्याच्याआधी एकही ग्रँडमास्टर नव्हता. बाद पद्धतीची स्पर्धा, साखळी स्पर्धा आणि समोरासमोरची लढत, अशा तिन्ही प्रकारांत जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला. याच्याही मागे जायचं तर मीर सुलतान खान. पंजाबातला, एका सरदाराच्या पदरी असलेला. देशी पद्धतीने शिकलेला, जिथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही आणि राजा एकदाच घोड्यासारखी उडी मारतो. हे नियम आपल्याकडे खेड्यापाड्यातल्या जुन्या लोकांना अजून ठाऊक असतात. 1929 मध्ये मालकाबरोबर लंडनला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, मग 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला कॅपाब्लांकाला हरवलं. मग मालक परत निघाला, तोही परतला, आणि मोठ्या स्पर्धा संपल्या. फिडेने मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 मध्ये, त्याच्या मृत्यूला अर्धशतक उलटून गेल्यावर. सुरुवातीच्या चालींचं त्याचं ज्ञान जेमतेम होतं, आणि मधल्या डावात तो जगातल्या पहिल्या दहांशी टक्कर द्यायचा. त्याला कुठल्या क्रमांकावर ठेवायचं, याची यादी माझ्याकडे नाही.

स्त्रियांची नावं या याद्यांत येत नाहीत, आणि ते चूक आहे. व्हेरा मेन्चिकने पुढे जगज्जेता झालेल्या ऑयवेला दोनदा हरवलं होतं. युदित पोल्गार खुल्या यादीत जगात आठवी होती, आणि जलद डावात का होईना, कास्पारोव्हला हरवलं होतं. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली, तिच्या बरोबरीच्या मुलींना विचारा, त्यांना पोल्गारचे डाव तोंडपाठ असतात.

आता पोराने कुणाचे डाव बघावेत. सध्या इंजिन बंद. प्रत्येक डावात बाराव्या चालीपासून पुढची चाल कागदाने झाकायची, स्वतःची चाल वहीत लिहायची, मग उघडायची. आपली चाल का नाही खेळला, याचं उत्तर सापडलं नाही तरच इंजिन लावायचं. पहिले सहा महिने कॅपाब्लांका, कारण त्याच्या डावात कारण दिसतं. त्यानंतर मॉर्फी, म्हणजे मोहरे आधी का बाहेर काढायचे ते पटेल. मग कार्पोव्ह आणि कार्लसन एकाआड एक, एकाच प्रकारच्या शेवटांचे. कास्पारोव्ह सगळ्यात शेवटी. लवकर बघितला तर मुलं नुसते बळी द्यायला लागतात, आणि शाळेच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत हत्ती गमावून घरी येतात. फिशरचे डाव वडिलांनी मुलाबरोबर बसून बघावेत, दोघांनी चाल झाकून. कोण जास्त बरोबर ओळखतो ते वहीत लिहून ठेवा.